चौदा भाग आणि एक वळण : वर्कशॉपच्या दारोदार सात दिवस

दिवस पहिला

गाडी सुटली, सामान वर लागलं आणि मी लॅपटॉप उघडून नावं पुसायला बसले.

दादाचं आणि माझं काम छोटं आहे. द्रव अगदी मोजून सोडणारा एक पंप आम्ही दोन वर्षं घडवतो आहोत. दोन पिस्टन, प्रत्येकाला एक कॅम, म्हणजे फिरता फिरता पिस्टनला ढकलणारी खास वळणाची चकती. एक पिस्टन ढकलतो तेव्हा दुसरा भरून घेतो, आणि पाळी बदलताना धारेला गचका बसू नये म्हणून दोघांच्या वेगांची बेरीज सतत सारखी ठेवावी लागते. यात नवं काही नाही. प्रयोगशाळेतले क्रोमॅटोग्राफीचे पंप याच युक्तीवर चालतात. आमचं म्हणावं असं जे आहे ते पाळी बदलण्याच्या थोड्याशा अंशांत आहे, म्हणजे कॅमच्या एका वळणात. बाकीचे तेरा भाग म्हणजे ठोकळे, झाकणं, दांडे आणि बुश, म्हणजे आत बसणाऱ्या गोल नळ्या.

हे भाग घरबसल्याही बनवून घेता आले असते. फाइल चढवा, मिनिटात दर घ्या, पेटी घरी येते. साध्या ब्रॅकेटसाठी मी तेच करते. पण तिथे दर देणारा एक आणि कापणारा बहुतेक वेळा दुसराच असतो, आणि फाइल कोणाकोणाच्या टेबलावरून फिरली ते आपल्याला कळत नाही. शिवाय ‘ही मापं इतकी घट्ट कशाला?’ असं तिथे कोणी विचारत नाही. मागितलं तेवढं देतात आणि त्याचे पैसे लावतात. म्हणून एक आठवडा काढून वर्कशॉपच्या दारात जायचं ठरवलं.

दादाचं बजावणं एकच : ‘‘पुसता येईल ते सगळं पूस.’’

तर पुसायला लागले. ड्रॉइंगच्या चौकटीतलं आमचं नाव, प्रकल्पाचं नाव, ‘पंप हेड’, ‘डिलिव्हरी कॅम’ ही भागांची नावं गेली, त्या जागी नुसते आकडे आले. कोणता आकडा म्हणजे कोणता भाग याचा तक्ता घरीच राहिला. फाइलींची नावंही बदलली. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात, मीही आधी थांबायचे. एकदा सहज स्टेप फाइल, म्हणजे भागाचा त्रिमितीय आकार साठवणारी फाइल, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि उडालेच. ती मुळात मजकुराचीच फाइल असते. सुरुवातीच्या ओळींत फाइल बनवणाऱ्याचं नाव, संस्थेचं नाव, कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली ते, आणि पुढे प्रत्येक भागाचं आपण दिलेलं नाव. बाहेरून ‘भाग ०७’ आणि पोटात ‘डिलिव्हरी कॅम, सुधारित’. पीडीएफचंही तसंच, गुणधर्मांत सगळी वंशावळ. एकेक उघडून साफ केली.

पुसण्याच्या भरात ड्रॉइंगवरच्या टिपाही उडवल्या. कोणती बाजू कुठे बसते, कोणतं तोंड वर, काय कशावर घासतं. या टिपांवरूनच यंत्राचा अंदाज येतो, असं मला वाटलं. त्या क्षणी फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

दुपारनंतर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, पाहायला घेतले. चौकटीत खाली उजवीकडे छापील वाक्य होतं : ‘न दाखवलेली सर्व मापे ±०.०२’. कोणी लिहिलं होतं? मीच, चार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कामासाठी, आणि तेव्हापासून ते ड्रॉइंगमागून ड्रॉइंगवर छापून येत होतं. म्हणजे झाकणाची बाहेरची कड, जिला कशाचाही स्पर्श होत नाही, तीसुद्धा मी केसापेक्षा बारीक हिशोबात मागत होते. ते काढून आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकातली मध्यम श्रेणी लिहिली. तिच्यात ६ ते ३० मिलिमीटरच्या मापाला ±०.२ आणि ३० ते १२० च्या मापाला ±०.३ चालतं. मग भागाभागावर फिरून, खरोखर घट्ट लागणारी मापं तेवढी निवडली : बेअरिंगच्या जागा, पिस्टनचं भोक, डॉवेलची (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांची) भोकं, कॅमचं बोअर म्हणजे मधलं भोक. मुख्य बॉडीवर सत्तेचाळीस मापं होती, त्यातली आठ उरली.

अंधार पडला तेव्हा एक गंमत लक्षात आली. ही आठ मापं आणि लपवायच्या गोष्टी यांची यादी जवळपास एकच होती. ज्या जागी पैसे घालायचे त्याच जागी कुलूप लावायचं होतं.

दिवस दुसरा

औद्योगिक वसाहतीतलं मोठं वर्कशॉप. काचेचं स्वागत-दालन, आत पाच अक्षांच्या मशीनांची रांग, जमीन इतकी स्वच्छ की चिप, म्हणजे धातूचा कीस, शोधावी लागावी. बसायला सांगितलं. समोर काचेचं कपाट होतं आणि त्यात दिव्याखाली मांडलेले सुंदर सुंदर जॉब : पातळ पात्यांचं इम्पेलर, जाळीदार ठोकळा, आरशासारखा घासलेला नॉझल. खाली चिठ्ठ्या, त्यांवर ग्राहकांची नावं.

मी कौतुकाने पाहत होते. मार्केटिंगचा मुलगा उत्साहाने सांगू लागला, हा कोणाचा, तो कशात बसतो, यातलं अवघड काय. पाच मिनिटांत मला तीन अनोळखी कंपन्यांची आगामी उत्पादनं कळली. आत शॉप फ्लोअरवर गेलो तर प्रत्येक मशीनच्या दारावर ड्रॉइंग चिकटवलेलं, चौकटीसकट, नावासकट. त्या मुलाचा दोष नाही, त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. पण पुढच्या महिन्यात याच खुर्चीवर कोणी बसलं तर कपाटात आमची बॉडी असेल, हे मला स्पष्ट दिसलं.

तरी या भेटीने एक फार मोठी गोष्ट दिली. दर काढणारे गृहस्थ अनुभवी होते. त्यांनी कागदावर पैसे मांडलेच नाहीत, मिनिटं मांडली.

‘‘प्रोग्रॅम आणि सेटिंग मिळून तीन तास धरा. मग प्रत्येक नगाला वीस मिनिटं. एकच नग मागितलात तर दोनशे मिनिटांचे पैसे. दहा मागितलेत तर नगाला अडतीस. पन्नास घेतलेत तर चोवीसच्या आत.’’

म्हणजे एका नगाच्या आणि दहा नगांच्या एकूण किमतीत दुपटीचंसुद्धा अंतर नाही. मी चार मागायला गेले होते.

मग त्यांनी बॉडीच्या खिशावर बोट ठेवलं. खिसा म्हणजे आतली चौकोनी खोली, ३० मिलिमीटर खोल, आणि कोपऱ्यांना मी १ मिलिमीटरची त्रिज्या दिली होती, कारण स्क्रीनवर ती छान दिसत होती.

‘‘मॅडम, या कोपऱ्यात २ मिलिमीटरचा कटर लागेल आणि तो ३० मिलिमीटर बाहेर लोंबेल. व्यासाच्या पंधरा पट. कापणार नाही, थरथरेल. तीन-चार पटींपर्यंत आम्ही सुखात असतो. आत काय बसतं?’’

‘‘गोल बुश,’’ मी म्हणाले, आणि म्हणताच लाजले. गोल बुशला चौकोनी कोपरे कशाला हवेत?

‘‘मग साडेपाचची त्रिज्या द्या. १० चा कटर फिरेल.’’

‘‘पाचच का नाही?’’

‘‘बरोबर पाच दिलीत तर कटर कोपऱ्यात अडकून क्षणभर थांबतो आणि तिथे खूण पाडतो. अर्धा मिलिमीटर जास्त असला की वळत वळत निघून जातो.’’

या एका बदलाने नगाचा वेळ वीस मिनिटांवरून चौदावर आला. एम५ च्या आट्यांचंही तसंच झालं. मी २५ मिलिमीटर खोल मागितले होते. व्यासाच्या दुपटीपुढे आटे नेले की ताकद फारशी वाढत नाही, टॅप तुटण्याची भीती तेवढी वाढते. १० वर आणले.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘पूर्ण असेंब्ली पाठवाल का? दर आणखी नीट देता येईल.’’ मागणी रास्त होती, कपाट नसतं तर कदाचित दिलीही असती. विचार करून कळवते, म्हणाले आणि निघाले.

दिवस तिसरा

वसाहतीच्या मागच्या गल्लीतलं वर्कशॉप. तीन मशीन, सहा माणसं, दारात कूलंटचा तो ओळखीचा आंबूस वास. मालक स्वतः मशीनवर होते. हात पुसत आले, ड्रॉइंगची चवड घेतली आणि पहिलाच प्रश्न :

‘‘यातलं गुपित कोणतं?’’

मी गोंधळले. गुपित कोणतं ते सांगितलं तर ते गुपित कसलं?

‘‘तसं नाही. सगळंच गुपित असेल तर मी काहीच सांभाळू शकत नाही. माझी पोरं चौदा कागद कुलपात ठेवणार नाहीत, दोन ठेवतील.’’

आदल्या रात्री मी मनाशी पाच वर्कशॉपांत काम वाटायची योजना केली होती. कोणाकडेही तीनपेक्षा जास्त भाग नाहीत, म्हणजे कोणालाही पूर्ण चित्र दिसणार नाही. त्यांना ती सांगितली. ते हसले नाहीत, त्यांनी बॉडी आणि झाकण शेजारी ठेवलं.

‘‘या दोन्हींत बेअरिंग बसतं, मधून एकच शाफ्ट जातो. दोन्ही माझ्याकडे असतील तर डॉवेल लावून, दोन्ही एकत्र बांधून, एकाच सेटिंगमध्ये बोअर करतो. भोकं आपोआप समोरासमोर येतात. बॉडी माझ्याकडे आणि झाकण दुसरीकडे दिलंत तर दोघांनाही मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सांभाळावा लागेल. दोघं दुप्पट पैसे घेतील आणि शेवटी शाफ्ट अडकेलच.’’

योजनेचा असा निकाल लागला. मग आम्ही वाटणी वेगळ्या रेषेवर केली : ज्यांची तोंडं एकमेकांशी जुळतात ते भाग एका छताखाली, कॅम एकटा दुसरीकडे. बॉडी, झाकण, मधली पट्टी या मालकांकडे. पिस्टन आणि शाफ्ट ग्राइंडिंगवाल्याकडे. कॅम फक्त वायर-कटवाल्याकडे, म्हणजे बारीक वायरीच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्याकडे. पाचाऐवजी तीन दारं. कॅम सोडला तर उरलेल्या भागांवरून कोणालाही एवढंच कळलं असतं की काहीतरी फिरतं आणि काहीतरी पुढे-मागे होतं. जगातली निम्मी यंत्रं तेच करतात.

गोपनीयतेचा करार मी दोन पानांचा नेला होता. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, आणि मला दारोदार फिरायला निघाल्यापासून प्रथमच वाटलं की कोणीतरी तो खरंच वाचतंय. दोन जागी अडले. एक, ‘कोणालाही दाखवणार नाही’ हे वाक्य. ‘‘अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवरचा तो कडक थर, मी करत नाही, बाहेर जातं. मग मी पहिल्याच दिवशी करार मोडणार.’’ ते बदलून असं केलं : बाहेरच्या कामासाठी फक्त तो भाग जाईल, ड्रॉइंग जाणार नाही, कोणाकडे जाईल ते आधी कळवलं जाईल. दुसरं त्यांनीच सुचवलं. ‘‘तुम्ही ड्रॉइंग परत मागितलंय. नापास नग?’’

‘‘ते तर भंगार.’’

‘‘भंगारवाल्याकडे गेलेला नग म्हणजे तुमचं ड्रॉइंगच, फक्त धातूत. शंभराव्या हिश्शाने चुकलेला असला तरी बघणाऱ्याला काय फरक पडतो?’’

कलम घातलं : नापास नग मोजून परत. प्रोग्रॅम आणि फिक्श्चर (भाग मशीनवर पकडून ठेवायची चौकट) यांचंही लिहून घेतलं. फिक्श्चरचे पैसे आम्ही देणार, म्हणून ते आमचं, त्यांच्याकडे फक्त ठेवलेलं. असे करार जगभर चालतात त्यामागे एक साधी अट आहे. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ३९ नुसार एखादी माहिती गुपित म्हणून संरक्षण मागते तेव्हा ती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला किंमत हवी, आणि मालकाने ती जपायला वाजवी काळजी घेतलेली हवी. तिसरी अट बहुतेक लोक विसरतात. कपाटातल्या जॉबच्या मालकांनी काय काळजी घेतली होती, कोण जाणे.

सही झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, ‘‘पंप विकायला काढाल ना?’’

मी ‘पंप’ हा शब्द कुठेही उच्चारला नव्हता. ते पिस्टनच्या ड्रॉइंगकडे पाहत होते. मी मान हलवली.

‘‘मग पहिलाच गिऱ्हाईक उघडून कॅम मोजेल. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहायला कोण अडवणार? तुमचं गुपित किती महिन्यांचं आहे ते ठरवा, तेवढेच पैसे त्यावर घाला.’’

रात्री लॉजवरून दादाला फोन केला. पेटंटच्या अर्जाचा मसुदा दोन महिने तसाच पडून होता, प्रत्येक वेळी ‘एक चाचणी झाली की करू’. पण अर्ज करण्याआधी रचना उघड झाली तर नवेपणाच जातो, आणि बंधन न घातलेल्या एका वर्कशॉपला दाखवणंही त्यात मोजलं जाऊ शकतं. अर्ज केला की १८८३ च्या पॅरिस कराराप्रमाणे इतर सदस्य देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात. अर्ज स्वतः बहुतेक ठिकाणी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे तेव्हा गुपित आपणच छापून देतो. एकूण हिशोब दीड वर्षाचा. जन्मभराच्या तिजोरीचा खर्च करायची काही गरज नव्हती.

‘‘म्हणजे पुसत बसलीस ते फुकट?’’ दादा म्हणाला.

‘‘दीड वर्षापुरतं कामाचं.’’

दिवस चौथा

दादाने सकाळी अर्ज दाखल केला. मी दिवसभर धातूच्या गोदामात. शिकायला एवढंच मिळालं की बुशचा बाहेरचा व्यास मी नेमका ५० ठेवला होता आणि ५० च्या गोल बारमधून ५० चा साफ बुश निघत नाही. पुढचा मोठा बार घ्यायचा आणि त्याची चिप करायची. व्यास ४८ केला. दोन मिलिमीटरनी काहीही बिघडत नव्हतं. सोबत हीट नंबर (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) असलेला टेस्ट सर्टिफिकेटचा कागद मागून घेतला.  पाय मात्र भयंकर दुखले.

दिवस पाचवा

पहिली बॉडी तयार झाल्याचा निरोप आला. धावत गेले. जॉब मशीनवरून उतरून पाच मिनिटंही झाली नव्हती, हाताला कोमट लागत होता, आणि मी उतावळेपणाने तसाच मोजायला लावला. बेअरिंग ६०८, बाहेरचा व्यास २२. मी भोकाला एच७ ही मर्यादा मागितली होती, म्हणजे २२.००० ते २२.०२१. बोअर गेजने दाखवलं २२.०२६.

माझा चेहरा पडला. तपासणीवाल्या मुलाने शांतपणे जॉब उचलला, जाड ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘जेवून या.’’

परत आल्यावर तोच गेज, तेच भोक : २२.०१८.

मापाचं तापमान २० अंश सेल्सिअस धरायचं, असं १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलं आणि पुढे तेच आयएसओ १ झालं. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि पंधरा अंशांनी जास्त गरम अॅल्युमिनियम हातात घेणं यात फरक आहे. अॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे हिस्से) फुगतं. २२ च्या भोकाला पंधरा अंशांचे जवळजवळ आठ मायक्रॉन. बॉडीवर एक ९६ मिलिमीटरचं अंतर आहे, त्यात हाच फरक ३३ मायक्रॉन होतो. तापमान न ठरवता मायक्रॉन मागणं म्हणजे भांडणाला तारीख देणं. माझ्या ड्रॉइंगवर तापमानाची ओळ नव्हती. (हो, तीही पुसली होती.)

अॅनोडायझिंगचीही आठवण त्याच टेबलावर झाली. थर साधारण निम्मा आत मुरतो, निम्मा वर वाढतो. २० मायक्रॉनच्या थराने भोकाचा व्यास २० मायक्रॉनने कमी होतो, म्हणजे २२.०१८ चं २१.९९८ होणार आणि बेअरिंग बसणार नाही. बेअरिंगच्या दोन जागा झाकून मगच थर द्यायचा, असं ठरलं.

तपासणीचा अहवाल छापताना यंत्राने आपणहून वर भागाचं रेखाटन काढलं आणि खाली सत्तेचाळीस मापांची रांग लावली. म्हणजे मी पाच दिवसांच्या मेहनतीने जे विखरून ठेवलं होतं ते एका पानावर एकत्र. आठ मापांचा, चित्राविना अहवाल काढायला लावला आणि पहिला कागद मागून घेतला.

संध्याकाळी वायर-कटवाल्याच्या काउंटरवर कॅमचे चार गोळे आणि प्रोफाइलची फाइल दिली. गोळे मी घरूनच तयार करून आणले होते : बोअर, ४ मिलिमीटरचा कीवे (शाफ्टला अडकवायची खाच), एका बाजूला बॉस म्हणजे गोल उंचवटा, वायर ओवण्याचं भोक, आणि मग हार्डनिंग. कडक केल्यावर पोलाद थोडं वाकडं होतंच, म्हणून वळण शेवटी कापायचं. वायरला कडकपणाशी देणंघेणं नसतं. आधी दोनच कापा, दोन राखून ठेवा, असं सांगितलं. ड्रॉइंगवर होतं फक्त वर्तुळ, कीवे आणि ते वळण. त्याहून एक अक्षर जास्त नाही.

दिवस सहावा

दोन्ही कॅम रात्रपाळीत कापून झाले होते. कापडात गुंडाळून समोर ठेवले. कडा अशा की बोट फिरवावंसं वाटावं. मी एक उचलला, बॉस वर, कीवे माझ्याकडे. संथ चढ उजवीकडे यायला हवा होता.

तो डावीकडे होता.

दुसरा उचलला. तोही.

रात्रपाळीचे काका अजून घरी गेले नव्हते. पन्नाशीचे, कपाळावर भिंग चढवलेलं. मी आवाज चढवायच्या बेतात होते, पण त्यांनी आधीच फाइल उघडून दाखवली. ‘‘ताई, कोणतं तोंड वर ते कुठे लिहिलंय?’’

कुठेच नव्हतं.

‘‘मी सपाट तोंड वर ठेवलं. बॉस वर असला तर वरचा नॉझल जवळ येत नाही, पाणी नीट मारत नाही, कड खराब होते. कोणीही असंच ठेवेल.’’

मी वळण बॉसच्या बाजूने पाहून काढलं होतं, त्यांनी पाठीमागून कापलं. आरशातला कॅम. आणि बॉसमुळे तो उलटून बसवताही येत नव्हता. पुसलेल्या टिपांपैकी एक, ‘बॉस वर’ एवढे दोन शब्द, राहिले असते तर हे झालं नसतं. त्या दोन शब्दांवरून कोणी काय चोरलं असतं?

मी स्टुलावर बसले. राखीव दोन गोळे होते, पण ते शेवटच्या सुधारित वळणासाठी होते. काका भिंग खाली ओढून कॅम फिरवत होते.

‘‘मोटर उलटी फिरत नाही का तुमची?’’

‘‘काय?’’

‘‘आरशातला कॅम उलटा फिरवला की सुलटाच की.’’

कागद काढला. रोलर शाफ्टच्या मध्यावरच येतो, एका बाजूला सरकवलेला नाही. दोन्ही कॅम सारखेच उलटे, त्यामुळे त्यांचं आपसातलं अंतर तेच. झडपा दाबावर उघडतात, फिरण्याच्या दिशेशी त्यांचा संबंध नाही. मोटर स्टेपर, दिशा बदलायला प्रोग्रॅममधलं एक चिन्ह. वीस मिनिटं मी त्यात खोट शोधत होते. सापडली नाही.

‘‘दोन पिस्टनचं आहे ना?’’ काकांनी विचारलं.

मी कागदावरून मान वर केली. यांच्याकडे ना पिस्टनचं ड्रॉइंग, ना नाव, ना आणखी कुठला भाग.

‘‘हा तुकडा बघा, किती एकसारखा चढतो. प्रत्येक अंशाला तेवढाच. काहीतरी मोजून ढकलायला बसलंय. आणि चढ अर्ध्या फेऱ्याहून थोडा जास्त आहे, म्हणजे दुसरा जोडीदार असणार, नाहीतर तो जास्तीचा थोडा कशाला?’’

सहा दिवस मी फाइलींच्या पोटातली नावं खरवडत होते, आणि काकांनी एक फेरा पाहून अख्खं यंत्र सांगितलं. राग यायला हवा होता, पण मला चक्क बरं वाटलं. त्यांना वळण कळलं होतं. ते तसंच का, तो थोडासा जास्तीचा भाग नेमका किती ठेवायचा आणि कशावरून काढायचा, तो हिशोब मात्र लॅपटॉपमधून कुठेच गेला नव्हता. वळण मोजून कोणी एक पंप बनवेल. वेगळ्या दाबाचा दुसरा बनवायला त्याला हिशोब लागेल.

काकांनी माझ्यासमोर मशीनमधली फाइल पुसली. मग खालच्या ट्रेमधून पाण्याने ओली दोन कडी काढून टेबलावर ठेवली.

‘‘हीपण न्या.’’

गोळ्यातून कॅम कापून निघाल्यावर बाहेरचं जे उरलं होतं ते. मी कॅम कड्यात ठेवून पाहिला. चोहोबाजूंनी सारखी, जेमतेम ०.३ मिलिमीटरची फट : पाव मिलिमीटरची वायर आणि ठिणगीची थोडी जागा. आमचं वळण, संपूर्ण, आतून कोरलेलं. करारात ड्रॉइंग होतं, प्रोग्रॅम होता, फिक्श्चर होतं, नापास नग होते. कडं नव्हतं.

दिवस सातवा

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. बॉडी पेटीत, कॅम कापडात, कडी जॅकेटच्या खिशात. उरलेले भाग ग्राइंडिंग आणि अॅनोडायझिंग होऊन दोन आठवड्यांनी येतील, चाराऐवजी दहा संच. कोपऱ्यांच्या त्रिज्या, आठ मापं आणि ४८ चा बुश यांच्या बचतीत जास्तीचे सहा संच बसले.

दादाचा फोन आला. कॅम उलटे झाल्याचं ऐकून आधी गप्प झाला, मग मोटर उलटी फिरवायचं ऐकून इतका हसला की शेजारच्या प्रवाशाने वळून पाहिलं.

‘‘बरं, पुढच्या ड्रॉइंगमधून आणखी काय पुसायचं?’’

मी खिशात हात घालून कड्याच्या आतून बोट फिरवत होते. संथ चढ, मग एकदम उतार.

‘‘पुसायचं काही नाही,’’ मी म्हणाले. ‘‘तीन ओळी लिहायच्या आहेत. बॉस वर. माप २० अंशांना. उरलेलं कडं परत.’’